पाण्यात सोडायचं काय: केबलवाला आरओव्ही, मोकळा एयूव्ही की दोरीला बांधलेला सेन्सर?

दर वर्षी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची दोन-तीन टोळकी कोल्हापुरात उद्यमनगरात आमच्या लेथवर येतात. "काका, समुद्राच्या अभ्यासासाठी पाण्याखालचा ड्रोन करायचाय." करा की! पण कुठला, हे ठरल्याशिवाय मी मशीन चालू करत नाही.

सगळ्यांचा ओढा एयूव्हीकडे. केबल नाही, आपलं आपण फिरून येणार, ऐकायला नाद खुळा. पण पाण्यात वायफाय हातभर खोलीवरच मुकं होतं आणि जीपीएस पोचतच नाही. आवाज तेवढा लांब जातो, सेकंदाला साधारण 1500 मीटर. पण आवाजातून निरोप पाठवणारा मोडेम किंवा वेग मोजणारं डॉप्लर यंत्र घ्यायचं म्हटलं, तर सगळं बजेट त्यातच गेलं. आणि यंत्र हुकलं की गेलं.

आरओव्ही म्हणजे काठावरून माणसानं केबलमधून चालवायचं यंत्र. त्याचं केबल पाण्यात ओढ घेतं, रंकाळ्यात जलपर्णीत गुंततं, हे खरं. पण कॅमेऱ्याचं चित्र काठावर लगेच दिसतं आणि काही बिघडलं तर यंत्र ओढून घेता येतं. केबलला कमी समजू नका. चेन्नईच्या एनआयओटी या समुद्र तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेचं रोसब 6000 हे आरओव्ही 2010 मध्ये 5289 मीटर खोल गेलं, तेही केबलवरच. गोव्याच्या एनआयओ या समुद्रविज्ञान संस्थेचं 'माया' हे एयूव्ही 200 मीटरपर्यंतच्या कामासाठी आहे. पट्टेच्या पट्टे फिरून मोजमापं घ्यायची असतील तर तसलं यंत्र हवं. ग्लायडर तर आपल्या आवाक्यातलाच नाही. पंखा न लावता, नुसती तरंगण्याची क्षमता कमी-जास्त करत 2009 मध्ये एका ग्लायडरनं 221 दिवसांत अटलांटिक ओलांडला.

पण पोरांची गाडी अडते ती बहुतेक वेळा यंत्राच्या डब्याच्या झाकणावर. 30 मीटर खोलीवर 10 सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर सव्वादोनशे किलोहून जास्त भार येतो. पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याची, म्हणजे ओ-रिंगची, खाच आम्ही बरोबर काढून देतो. एकदा मात्र माझ्याच हातून ओ-रिंगखाली एक केस राहिला आणि वाटीभर पाणी थेट बॅटरीवर. तेव्हापासून आधी हातपंपानं आतली हवा ओढायची, पंधरा मिनिटं दाबाचा काटा हलतो का बघायचं, मगच यंत्र पाण्यात.

दुसरी गोम वजनाची. रंकाळ्यात बरोबर तोललेलं, दहा लिटर पाणी बाजूला सारणारं यंत्र रत्नागिरीला नेलं की वर उसळतं, कारण खारं पाणी जड. पाव किलो शिसं जादा लागतं.

आता खरं विचाराल तर निम्म्या प्रोजेक्टांना वाहन लागतच नाही. राधानगरीच्या पाण्यात खोलीगणिक तापमान कसं बदलतं, एवढंच बघायचंय ना? मग दाबाचा (त्यावरून खोली कळते) आणि तापमानाचा सेन्सर एका डबीत घाला, होडीतून दोरीनं सोडा. उरलेल्या पैशात विरघळलेल्या ऑक्सिजनचा सेन्सर घ्या. तो प्रकाशावर चालणारा बघा; महाग पडतो, पण पडदा असलेल्या जुन्या पद्धतीच्या सेन्सरला सारखं पाणी ढवळून द्यावं लागतं.

तळाचा फोटो हवा, खडक बघायचाय, तर आरओव्ही. तेव्हा केबल मात्र मोजून आणा. मागच्या पोरांनी वीस मीटर आणली. त्यातली पाच घाटाच्या पायऱ्यांवरच संपली.