फाटकावर फिनलंडचा सिंह

आडनावावरून ‘घराण्याचं राजचिन्ह’ शोधून देतो म्हणणाऱ्या एका संस्थेपायी माझे एकूण गेले 38,350 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, नंतर जीभ अडखळते. ‘प्राथमिक शोध’ 2,100, वंशावळ आणि मोडी लिप्यंतर 11,500, पितळी ढाल 18,000, ‘राजचिन्ह नोंदणी’ 5,900 (5,000 अधिक जीएसटी, जीएसटी क्रमांक पावतीवर कुठेच नाही) आणि कुरिअर 850. मी 33 वर्षं बँकेत काढली. लोकांच्या सह्या भिंगाखाली धरून जुळवल्या. आणि हे सगळे पैसे पाठवले एका वैयक्तिक यूपीआयवर, ज्यावर संस्थेचं नावसुद्धा नव्हतं.

या धंद्याची रीत अशी. आधी रील, मग व्हॉट्सॲप, मग ‘आडनाव, मूळ गाव, कुलदैवत सांगा’, आणि दोन दिवसांत ‘अभिनंदन, आपल्या घराण्याचं मूळ राजचिन्ह सापडलं’. ‘सापडलं नाही’ असं उत्तर या लोकांकडून कुणालाच मिळत नाही, एवढं ध्यानात ठेवलंत तरी पुरे. माझी बाजू इतकीच की बंगल्याची वास्तुशांत तोंडावर होती, शेजाऱ्याच्या फाटकावर दोन सिंह होते, आणि त्या संस्थेचा फोनवरचा पोरगा पहिल्या फोनपासून मला ‘सरकार’ म्हणत होता. निवृत्तीनंतर मला कुणी ‘साहेब’सुद्धा म्हणत नाही.

आता तो क्षण. ढालीचं चित्र मोबाइलवर आलं तेव्हा शेवटचे 18,000 अजून माझ्याच खात्यात होते. लाल जमिनीवर मुकुट घातलेला सोनेरी सिंह, मागच्या पायांखाली वाकडी तलवार, भोवती नऊ पांढरी फुलं. चित्र बोटांनी मोठं करून पाहिलं, तर सिंहाचा पुढचा उजवा पाय पायच नव्हता. चिलखत घातलेला माणसाचा हात होता, त्यात उगारलेली तलवार. मी विचारलं, ‘सिंहाला माणसाचा हात कसा?’ तो क्षणभरही थांबला नाही. ‘सरकार, आपलं कुलदैवत कोळे नरसिंहपूरचं ना? अर्धा नर, अर्धा सिंह. पायाखालची तलवार मोगलांची, आणि नऊ फुलं म्हणजे नवरात्र.’ माझ्या अंगावर काटा आला हो! कुलदैवत त्याला मीच सांगितलं होतं, फॉर्ममध्ये, स्वतःच्या हातानं, हे त्या वेळी आठवलंच नाही.

बरं, हात सोडा. प्रमाणपत्रावर छापलं होतं, ‘शके 1650 (इ.स. 1672)’. शकात 78 मिळवायचे हे पोरासोरांना कळतं. 1650 म्हणजे 1728. तेही विचारलं. म्हणे, ‘तो राजशक आहे.’ राज्याभिषेक शक सुरू झाला 1674 मध्ये. त्या हिशोबानं राजशक 1650 उजाडायला इसवी सन 3323 यावं लागेल. हा हिशोब मी केला, पण पैसे गेल्यानंतर चार आठवड्यांनी, रात्री दोन वाजता, पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर.

भांडं फुटलं वास्तुशांतीलाच. पुतण्या कंपनीच्या कामानं हेलसिंकीला जाऊन आला होता. फाटकासमोर थांबला, पाकिटातून 50 सेंटचं नाणं काढलं आणि पितळेशेजारी धरलं. तोच सिंह, तोच हात. ‘काका, हे फिनलंडचं राष्ट्रचिन्ह आहे.’ भटजी, व्याही, शेजारी, सगळे तिथेच उभे.

तेव्हापासून वाचत सुटलोय. ढाल, वर शिरस्त्राण, खाली ब्रीदवाक्य हा प्रकार युरोपातल्या सरदारांचा. तिथेही चिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका माणसाला मिळतं आणि त्याच्या वारसांकडे जातं. अशी चिन्हं देणाऱ्या लंडनच्या ज्या ‘कॉलेज ऑफ आर्म्स’चं नाव घेऊन हा पोरगा 5,900 उकळतो, ती 1484 पासूनची संस्थाच सांगते की आडनावाचं चिन्ह अशी काही गोष्ट नसते. आपल्याकडे होत्या त्या मुद्रा, मोर्तब, निशाणं, देवकं. शिंदे, होळकर, गायकवाड यांची ढालीची चिन्हंसुद्धा 1877 च्या दिल्ली दरबाराची; रॉबर्ट टेलर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं काढलेली. आणि अशी चिन्हं नोंदवणारं सरकारी खातं भारतात नाही. कुणी ‘नोंदणी फी’ म्हणाला की फोन ठेवा.

पोलीस ठाण्यात चार खेपा झाल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा ठाणे अंमलदारांनी विचारलं, ‘ढाल मिळाली ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे.’ मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 दाखवलं, म्हणजे जुनं 420. प्रमाणपत्राच्या शिक्क्यात चक्क अशोकस्तंभाचे सिंह आहेत, त्यासाठी 2005 चा स्वतंत्र कायदा आहे, तेही दाखवलं. त्यांनी कागद उलटा करून बघितला. तिसऱ्यांदा म्हणाले, ‘हे खोटं आहे असं म्हणता, तर तुमचं खरं कुठलं ते आणा, मग ताडून बघू.’ ऑनलाइन तक्रारीचं तर विचारू नका. प्रवर्गांच्या यादीत ‘लॉटरी’ आहे, ‘नोकरी’ आहे, माझ्या सिंहाला जागा नाही. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला मी फोन केला सव्विसाव्या दिवशी. तुम्ही पहिल्या तासात करा, पैसे वाटेत अडवता येतात तेव्हाच. ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो आणि माझ्याकडे आहे फक्त बंद पडलेला नंबर.

घराण्याचं खरंच शोधायचं असेल तर आधी गावाकडच्या ट्रंका उघडा. मोडी कागद जाणकाराकडून समोर बसून वाचून घ्या, फोटो पाठवून नव्हे. पुण्यात पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून आहे. आमच्याकडे लहानपणी हेळवी, म्हणजे वंशावळी सांगणारे, यायचे, बैल घेऊन. पणजोबाच्या पणजोबापर्यंत नावं घडाघडा म्हणायचे आणि धान्य घेऊन जायचे. सिंहाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही.

चौथ्या खेपेला मी ‘खरं’ घेऊनच गेलो. चुलत्यांच्या ट्रंकेत पाटीलकीचा महजर, म्हणजे गावसभेचं निवाड्याचं पत्र, निघाला, कडा वाळवीनं खाल्लेल्या. खाली गावच्या साक्षी, ज्याच्या त्याच्या खुणेसह. आमच्या पूर्वजाच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ आणि बोटाच्या पेराएवढा, जरा कलता काढलेला नांगर. अंमलदारांनी तो पाहिला, ढालीचा फोटो पाहिला, आणि म्हणाले, ‘एकट्याच्या तक्रारीवर काही होत नाही. अजून दोघं आणा, एकत्र गुन्हा घेऊ.’

तेव्हा कुणाच्या प्रमाणपत्रावर ‘शके 1650 (इ.स. 1672)’ असेल, किंवा फाटकावरच्या सिंहाला माणसाचा हात असेल, तर लाज बाजूला ठेवून मला कळवा. दोघं हवे आहेत.