ईडीबी ते पीएसटी: एक्सचेंजची घरची टूल्स आणि बाजारातली विकतची

नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं एचआरच्या सांगण्यावरून उडवलं जातं आणि मग ऑडिटर त्याच मेलबॉक्समधलं एखादं इनव्हॉइस मागतात. नाहीतर पावसाळ्यात सर्व्हर रूमचा यूपीएस बसतो आणि सकाळी मेलचा डेटाबेस माउंटच (चालूच) होत नाही. फोर्टमधल्या दलालाच्या पेढीत काय किंवा अंधेरी एमआयडीसीतल्या कारखान्यात काय, स्वतःचा एक्सचेंज, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर, पाळणाऱ्यांना यातलं काहीतरी कधी ना कधी भोगावं लागतं. एएमसीवाल्याचं, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कंत्राटदाराचं, उत्तर मात्र ठरलेलं असतं: “ईडीबी टू पीएसटीचं सॉफ्टवेअर घ्यावं लागेल, सर.”

ईडीबी म्हणजे सर्व्हरवरच्या मेलबॉक्सच्या डेटाबेसची फाइल, पीएसटी म्हणजे आउटलुकमध्ये उघडणारी मेलची फाइल. बऱ्याचदा ते सॉफ्टवेअर घ्यावं लागत नाही. एक्सचेंज २०१३ ते २०१९ आणि आताच्या सबस्क्रिप्शन एडिशनमध्ये सर्व्हरबरोबर जे येतं, त्यावर बहुतेक प्रकरणं निभावतात. विकतच्या टूलची खरी गरज लागते ती मोजक्या प्रसंगी. म्हणून आधी घरच्या सामानाचं परीक्षण, आणि तेच जरा सविस्तर.

आधी बघा, मेल खरंच गेली आहे का. डेटाबेसच्या मूळ सेटिंगप्रमाणे उडवलेला मेलबॉक्स ३० दिवस आणि उडवलेली मेल १४ दिवस सर्व्हरवरच पडून असते. या मुदतीत मेलबॉक्स हवा असेल तर एडीमध्ये (ॲक्टिव्ह डिरेक्टरी, ऑफिसच्या युजर खात्यांची नोंद) मेलबॉक्स नसलेला एक युजर तयार करा आणि एक्सचेंजच्या शेलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) कनेक्ट-मेलबॉक्स चालवा, पाच मिनिटांचं काम. डिस्कनेक्टेड यादीत नाव दिसत नसेल तर घाबरू नका. स्टोअरने (डेटाबेस चालवणारी सर्व्हिस) स्थिती ताजी केलेली नसते, अपडेट-स्टोअरमेलबॉक्सस्टेट चालवल्यावर नाव येतं. हे दोन आकडे डेटाबेसच्या प्रॉपर्टीजमध्ये आजच वाढवून ठेवा. डिस्कच्या थोड्या जागेपलीकडे त्याला काही लागत नाही.

आता एक्सपोर्ट. न्यू-मेलबॉक्सएक्सपोर्टरिक्वेस्ट ही कमांड एक्सचेंज २०१० च्या सर्व्हिस पॅक १ पासून आहे. कामाची आहे, पण पहिल्या भेटीत हमखास तोंडावर पाडते. शेल म्हणतं, अशी कमांडच नाही. कारण ‘मेलबॉक्स इम्पोर्ट एक्सपोर्ट’ हा रोल (परवानग्यांचा संच) मुळात कोणालाच दिलेला नसतो, मुख्य ॲडमिनलासुद्धा नाही. न्यू-मॅनेजमेंटरोलअसाइनमेंटने तो स्वतःला द्यायचा आणि शेल बंद करून पुन्हा उघडायचं. हे पुन्हा उघडणं राहिलं की माणूस उगाच पॅच शोधत बसतो.

दुसरी ठेच फाइलच्या पत्त्याची. सी किंवा डी ड्राइव्हचा साधा पाथ चालत नाही, दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा नेटवर्क शेअरच लागतो, मग तो त्याच सर्व्हरवरचा का असेना. पीएसटी तुम्ही लिहीत नसता, सर्व्हरची रेप्लिकेशन सर्व्हिस लिहीत असते. त्यामुळे ‘एक्सचेंज ट्रस्टेड सबसिस्टम’ या ग्रुपला वाचायची आणि लिहायची परवानगी हवी, आणि ती शेअर व एनटीएफएस (डिस्कवरच्या फोल्डरची परवानगी) अशा दोन्ही ठिकाणी. एकीकडे दिली आणि दुसरीकडे विसरलात तर ‘ॲक्सेस डिनाइड’.

एक्सपोर्ट चालू झाला की निव्वळ टक्केवारी बघत बसू नका. गेट-मेलबॉक्सएक्सपोर्टरिक्वेस्टस्टॅटिस्टिक्सला ‘इन्क्लूड रिपोर्ट’ जोडा, कुठल्या फोल्डरवर अडलंय ते तिथे कळतं. खराब मेलमुळे काम थांबत असेल तर बॅड आयटम लिमिट वाढवा. ५० च्या पुढे गेलात की ‘ॲक्सेप्ट लार्ज डेटा लॉस’ हा स्विचही द्यावा लागतो. नावातच धोका सांगितलाय, तेव्हा सरसकट देऊ नका. ऑनलाइन आर्काइव्ह (जुन्या मेलचा जोड मेलबॉक्स) असेल तर तो या फेरीत येत नाही, ‘इज आर्काइव्ह’ लावून त्याची वेगळी रिक्वेस्ट करायची. आर्काइव्ह विसरून “सगळी मेल दिली” असं क्लायंटला सांगणं ही इथली नेहमीची चूक.

आउटलुक २०१० पासून पीएसटीची मूळ मर्यादा ५० जीबी. तिथपर्यंत ताणू नका, २० जीबीच्या आसपास तोडा. मोठी पीएसटी उघडायला जड जाते आणि बिघडली तर सगळीच हातची जाते. तोडायला कंटेंट फिल्टरमध्ये ‘रिसीव्हड’ची तारीख टाकून वर्षवार एक्सपोर्ट काढा. इथे आपल्याकडची एक खोच आहे: ०५/०८ म्हणजे ५ ऑगस्ट की ८ मे, हे चटकन लक्षात येत नाही. दिवस १२ च्या पुढचा असेल अशी तारीख टाकून एक चाचणी घ्या. फिल्टर लावला तरी रिकामे फोल्डर पीएसटीत दिसतात, ते चुकीमुळे नसतात.

एकंदरीत एक्सपोर्टला पैकीच्या पैकी. परवानग्यांचा चक्रव्यूह सोडला तर नाव ठेवायला जागा नाही, आणि पैसेही लागत नाहीत.

खरी कसोटी डेटाबेस माउंट होत नाही तेव्हा लागते. बाजारातली टूल्सही इथेच विकली जातात. सर्वात आधी ईडीबी फाइल आणि सगळ्या लॉग फाइल्स (डेटाबेसमधला प्रत्येक बदल आधी यांत लिहिला जातो) वेगळ्या डिस्कवर कॉपी करा. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली एक्सटर्नल डिस्क चालेल, फक्त ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. यापुढचं सगळं कॉपीवर. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

मग ईएसईयुटिल, हे एक्सचेंजबरोबर येणारं कमांडचं टूल, ‘स्लॅश एमएच’ हा स्विच लावून. ‘स्टेट’च्या ओळीत ‘क्लीन शटडाउन’ (डेटाबेस नीट बंद झालेला) दिसलं तर अर्धी लढाई जिंकली. ‘डर्टी शटडाउन’ (काही लॉग डेटाबेसमध्ये उतरायचे बाकी) असेल तर त्याखालची ‘लॉग रिक्वायर्ड’ ही ओळ वाचा. समजा तिथे १०४२-१०५० लिहिलंय आणि पुढे कंसात हेक्समधला (१६ च्या पायाचा) आकडा, ४१२ ते ४१ए. लॉग फाइल्सची नावं हेक्समध्ये असतात. म्हणजे नावाच्या शेवटी ४१२ पासून ४१ए पर्यंत असलेल्या फाइल्स लागतील. १०४२ शोधलंत तर ती सापडणार नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतीच सापडेल. “लॉग नाहीतच” असं सांगून विकतचं टूल गळ्यात मारलं जातं, त्यातल्या काही वेळा लॉग तिथेच असतात, शोधणाऱ्याने दशमान आकडा शोधलेला असतो.

लॉग जागेवर असले तर आधी स्लॅश एमएलने साखळी सलग आहे का ते तपासा, मग स्लॅश आरने सॉफ्ट रिकव्हरी करा, म्हणजे लॉगमधले बदल डेटाबेसमध्ये उतरवा. लॉगचा प्रिफिक्स बहुधा ई०० असतो, पण सर्व्हरवर एकाहून जास्त डेटाबेस असतील तर ई०१, ई०२ असतो, तेव्हा गृहीत धरू नका. एक्सचेंज २००७ पासून प्रत्येक लॉग १ एमबीचा, त्यामुळे हजारो लॉग असले तरी काम आटोक्यात राहतं. मधला एखादाच लॉग गायब असेल तर अँटीव्हायरसचं क्वारंटाइन उघडून बघा. एक्सचेंजचे फोल्डर वगळलेले नसतील तर अँटीव्हायरस संशयित अटॅचमेंटसकट अख्खा लॉग उचलून नेतो, आणि तो तिथे सहीसलामत मिळतो. डिस्क भरलीय म्हणून लॉग हाताने उडवलेले असतील तर मात्र ही वाट बंद. जागा हवी असेल तर एक्सचेंज ओळखणारा फुल बॅकअप घ्यायचा असतो, लॉग त्यानंतर आपोआप कापले जातात.

राहिला स्लॅश पी, हार्ड रिपेअर. नेटवरच्या अर्ध्या उत्तरांत हाच पहिला उपाय म्हणून दिलेला असतो आणि तिथेच घोटाळा होतो. हा रिपेअर डेटाबेसच्या पानांच्या पातळीवर काम करतो. खराब पान तो टाकून देतो, त्यावर कोणाची मेल होती याच्याशी त्याला देणंघेणं नाही. असा रिपेअर झालेला डेटाबेस पुढे वापरात ठेवायला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, मेलबॉक्स नव्या डेटाबेसमध्ये हलवावेच लागतात. बॅकअप नाही आणि लॉगही गेले, तेव्हाच त्याच्याकडे वळा, आणि तेही दुसऱ्या कॉपीवर.

डेटाबेस क्लीन झाला की रिकव्हरी डेटाबेस, म्हणजे जुनी ईडीबी चालू डेटाबेसच्या बाजूला उघडायची सोय. न्यू-मेलबॉक्सडेटाबेसला ‘रिकव्हरी’ स्विच लावून ईडीबी आणि लॉगचा पत्ता द्यायचा, मग माउंट. इन्फर्मेशन स्टोअर सर्व्हिस रीस्टार्ट करा असा इशारा येतो. दुपारी अकरा-बाराला तो मनावर घेतलात तर अख्ख्या ऑफिसचं आउटलुक तुटेल. गेट-मेलबॉक्सस्टॅटिस्टिक्सने आतले मेलबॉक्स दिसतात. पुढच्या कामाला नाव न वापरता जीयूआयडी (प्रत्येक मेलबॉक्सचा वेगळा ओळख क्रमांक) वापरा. दोन ‘संतोष पाटील’ कुठल्याही ऑफिसात निघतात.

या डेटाबेसमधून थेट पीएसटी काढता येत नाही, ही त्याची मोठी उणीव. न्यू-मेलबॉक्सरिस्टोररिक्वेस्टने माल आधी एखाद्या जिवंत मेलबॉक्समध्ये आणायचा, मग तिथून एक्सपोर्ट. तात्पुरता मेलबॉक्स बनवलात तर ‘अलाऊ लेगसी डीएन मिसमॅच’ लावा, म्हणजे दोन मेलबॉक्सची ओळख जुळत नसली तरी चालतं. चालू मेलबॉक्समध्ये आणत असाल तर ‘टार्गेट रूट फोल्डर’ देऊन जुनी मेल वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवा, नाहीतर नवी-जुनी एकत्र कालवली जाईल. आणि कोटा बघा. मूळ सेटिंगमध्ये मेलबॉक्स २.३ जीबीला बंद होतो. १५ जीबीचा मेलबॉक्स तात्पुरत्या खात्यात ओतायला गेलात की रिक्वेस्ट मध्येच कोटा एररने अडकते, आणि बघणारा डेटाबेसलाच दोष देतो.

आणखी दोन मर्यादा. २०१० चा ईडीबी २०१६ वर माउंट होत नाही, सर्व्हरची आवृत्ती तीच लागते. २०१० च्या पब्लिक फोल्डर डेटाबेसलाही हा मार्ग नाही. एवढं असूनही रिकव्हरी डेटाबेसला पाचपैकी चार. एक गुण कापला तो पीएसटीसाठी घ्याव्या लागणाऱ्या वळशाचा.

विकतची टूल्स उपयोगी पडतात ती अशा वेळी: एडीसकट सर्व्हर गेला आणि हातात नुसती ईडीबी उरली, त्या आवृत्तीचा एक्सचेंज पुन्हा उभा करणं शक्य नाही, किंवा लॉग हरवलेत आणि स्लॅश पीची जोखीम परवडत नाही. ही टूल्स एक्सचेंजशिवाय ईडीबी थेट वाचतात, डर्टी असली तरी, आणि पीएसटी देतात. काही टूल्स मात्र मुळात स्लॅश पी करून घ्या असं सांगतात, ती बाजूला ठेवा.

पैसे भरण्याआधी डेमोवर स्वतःची फाइल चालवा. सेल्सवाल्याची नमुना फाइल नेहमीच सुंदर उघडते. पुनरावृत्तीच्या मीटिंग्ज कॅलेंडरमध्ये नीट येतात का, मूळ ‘रिसीव्हड’ तारीख टिकते का की एक्सपोर्टची तारीख चिकटते, मेलमध्ये जोडलेली मेल उघडते का, हे पाहा. सर्व्हर जिवंत असतानाचा मेलबॉक्सनिहाय आयटम काउंट कुठे जपलेला असेल तर तो ताडून बघा. ‘लॉस्ट अँड फाउंड’सारख्या फोल्डरमध्ये हजारो मेल गोळा झाल्या असतील तर फोल्डरची रचना टूलला समजलेली नाही.

मराठी विषय असलेल्या मेल आवर्जून उघडा. युनिकोड मेल प्रश्नचिन्हं झाली तर दोष टूलचा. पण कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेल्या मेल रोमन अक्षरांचा कचरा म्हणून दिसतील, त्या मुळातच तशा साठवलेल्या आहेत. तिथे टूलवाल्याशी भांडू नका, फाँट टाका.

लायसन्सची अट वाचा. काहींचं लायसन्स मेलबॉक्सच्या संख्येवर असतं, काहींचं एका मशीनला बांधलेलं. पाच मेलबॉक्ससाठी शंभरांचं लायसन्स घेण्यात अर्थ नाही. गुण द्यायचे तर पाचपैकी तीन, आणि तेही वर सांगितलेल्या प्रसंगांपुरतेच.

डेटा रिकव्हरीच्या दुकानांबद्दल थोडक्यात. डिस्क किंवा रेडच (एकत्र जोडलेल्या डिस्कचा संच) गेली असेल तरच तिकडे जा, ईडीबी दुरुस्तीसाठी नाही. ती फाइल घेऊन ते बहुधा वरचंच एखादं टूल चालवतील. रेडच्या डिस्क काढण्याआधी प्रत्येकीवर स्लॉट नंबर लिहा. दुकानदार मूळ डिस्कवर काम न करता आधी पूर्ण इमेज घेतो का, आणि पैसे घेण्याआधी सापडलेल्या फाइल्सची यादी दाखवतो का, हे विचारा. गोपनीयतेच्या करारावर सही घेतल्याशिवाय डिस्क देऊ नका. आत सगळ्या ऑफिसचा पत्रव्यवहार आहे.

रॅन्समवेअरमुळे हे सगळं करायची वेळ आली असेल तर रिकव्हरीइतकीच कळवण्याची घाई करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं.

पीएसटी कोर्टात दाखल करायची असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) द्यावी लागते. एक्सपोर्ट पूर्ण झाल्याबरोबर गेट-फाइलहॅश चालवा, ते मूळातच एसएचए-२५६ देतं. हे आउटलुकमध्ये फाइल उघडण्याआधी करायचं. आउटलुक नुसतं बघायला उघडलं तरी पीएसटीत लिहितं, हॅश बदलतो आणि समोरच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. वकिलाला आणि ऑडिटरला द्यायची ती कॉपी, मूळ फाइल रीड-ओन्ली करून वेगळ्या डिस्कवर ठेवायची.