ओहमच्या नियमाचं कॅल्क्युलेटर ॲप: हिशेब चोख, एककं तापदायक

दोन महिने हे ॲप वापरतोय. व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स, पॉवर असे चार रकाने. कुठलेही दोन भरा, उरलेले दोन लगेच हजर. सोल्डरिंग आयर्न हातात असताना कागद-पेन शोधावं लागत नाही, हे मोठं सुख.

पण एककांनी छळलं. ९ व्होल्टच्या बॅटरीवर लाल एलईडी लावायचा होता. एलईडीवर २ व्होल्ट जातात, उरले ७. करंट २० मिलिअँपिअर. एलईडीसोबत लावायच्या रेझिस्टरसाठी उत्तर यायला हवं ३५० ओहम, आलं ०.३५ ओहम आणि पॉवर १४० वॉट! एवढ्याशा रेझिस्टरला? ॲप दर वेळी उघडलं की करंटचं एकक गुपचूप अँपिअरवर जातं. एकक बदलल्यावर ०.१४ वॉट आलं, म्हणजे पाव वॉटचा रेझिस्टर पुरे.

एकदा मात्र मीच ॲपला शिव्या घातल्या. १२ व्होल्टचा, २१ वॉटचा बल्ब, १.७५ अँपिअर भरल्यावर ॲप म्हणतं जवळपास ६.९ ओहम. मल्टिमीटर लावला तर एक ओहमसुद्धा नाही! नंतर ट्यूब पेटली: मी थंड बल्ब मोजत होतो. फिलामेंट (बल्बमधली तार) तापली की रेझिस्टन्स कित्येक पट वाढतो.

एसी मोटरसाठी याच्या भरवशावर राहू नका. पॉवर फॅक्टरचा (व्होल्टेज-करंटच्या गुणाकारातला किती भाग खरी पॉवर असतो, ते प्रमाण) रकानाच नाही, त्यामुळे नुसता तो गुणाकार वॉट म्हणून दाखवतं. पाचपैकी साडेतीन.