विषम भुजांचा डायपोल आणि त्याचा बॅलन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यात आमच्या सहा मजली इमारतीच्या गच्चीवर जानेवारीत हॅम रेडिओसाठी ऑफ-सेंटर-फेड डायपोल, म्हणजे मध्याऐवजी एका बाजूला केबल जोडलेला दोन भुजांचा तारेचा ॲंटेना, ताणला, तेव्हापासून तोच वापरतो आहे. एक भुजा १३.४ मीटर, दुसरी ६.७ मीटर. याला सरसकट ‘विंडम’ म्हणण्याची पद्धत आहे. परंतु लॉरेन विंडम यांनी १९२९ मध्ये वर्णन केलेल्या ॲंटेनाची फीडलाइन (रेडिओ ते ॲंटेना ही जोडणी) एकेरी तारेची होती.

तारेच्या एक तृतीयांशावर इंपीडन्स (रेडिओच्या प्रवाहाला होणारा विरोध) २०० ओमच्या आसपास येतो, म्हणून तो चौथ्या हिश्श्यावर आणून कोॲक्सशी, म्हणजे रेडिओकडे जाणाऱ्या जाळीदार केबलशी, जुळवणारा ४:१ बॅलन लावायचा. ४०, २० आणि १० मीटरच्या बँडवर एसडब्ल्यूआर (ॲंटेनाकडून परत फिरणाऱ्या लहरींचे माप, १ म्हणजे आदर्श) २ च्या आत राहिला. १५ मीटरवर तो १० च्या पुढे गेला आणि त्यात ॲंटेनाचा दोष नाही, कारण तिसऱ्या हार्मोनिकला (४० मीटर बँडच्या तिप्पट वारंवारतेला) फीडचा बिंदू नेमका करंटच्या शून्यावर येतो.

खरा त्रास वेगळाच होता. कोॲक्स हातात धरली की नॅनोव्हीएनए या ॲंटेना मोजण्याच्या छोट्या उपकरणावरचा आलेख सरके, २० मीटरवर बोलताना माइकची जाळी ओठांना चटका देई, आणि लिफ्ट सुरू झाली की रिसीव्हरमध्ये खरखर भरे. विकत घेतलेल्या बॅलनचे झाकण उघडले, तर आत एकाच रिंगवर गुंडाळलेला व्होल्टेज बॅलन निघाला. असा बॅलन दोन्ही भुजांना समान व्होल्टेज देतो. पण भुजाच विषम असल्याने त्यांतील करंट समान राहत नाहीत आणि उरलेला करंट कोॲक्सच्या जाळीच्या बाहेरून घरात उतरतो. विक्रेत्याच्या पत्रकात याचा उल्लेखही नव्हता, हे मला खटकले.

एप्रिलमध्ये मिक्स ३१ प्रकारच्या मोठ्या फेराइट रिंगवर आरजी-५८ कोॲक्सचे १२ वेढे घेऊन तो चोक (जाळीबाहेरचा करंट अडवणारी गुंडाळी) बॅलनच्या लगेच खाली बांधला. माइकचा चटका त्याच दिवशी थांबला, ४० मीटरवरील गोंगाट रिसीव्हरच्या सिग्नल-मापकावर एस-७ वरून एस-५ वर आला, आणि ४० व २० मीटरवर कोॲक्स हाताळली तरी आलेख जागचा हलत नाही. जुलैच्या पावसात कनेक्टरमध्ये पाणी शिरले, ते प्रकरण टेपच्या नव्या वेढ्यांनी मिटले.

१० मीटरवर मात्र कोॲक्स हलवल्यावर एसडब्ल्यूआर अजूनही किंचित बदलतो. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत दोन स्वतंत्र रिंगांवर गुआनेला पद्धतीचा ४:१ करंट बॅलन (दोन्ही भुजांत समान करंट राखणारा) गुंडाळणार आहे. असमतोल भार असताना दोन्ही गुंडाळ्या एकाच रिंगवर बसवून चालत नाही. चोक तसाच राहील.