ऐतिहासिक चर्चमध्ये आधुनिक कला: तात्पुरती की कायमची?

आधुनिक कलाकृती काही आठवड्यांपुरती मांडावी की वास्तूचाच भाग करावी, असा पेच जुन्या चर्चच्या विश्वस्तांपुढे पडतो. ब्रिटिश कलाकार ल्यूक जेरम यांचा सात मीटर व्यासाचा प्रकाशमान चंद्र अनेक कॅथीड्रलांत (बिशपच्या मुख्य चर्चमध्ये) टांगला गेला आणि उतरवलाही गेला. याउलट जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टर यांची ७२ रंगांतील ११,२६३ काचचौकोनांची खिडकी २००७ पासून जर्मनीतील कोलोन कॅथीड्रलमध्ये कायमची आहे.

वास्तूच्या सुरक्षिततेबाबत तात्पुरती मांडणी निर्धोक मानली जाते, पण तो समज मला अर्धवट वाटतो, कारण दरवेळी नवा भार, नवी परांची आणि नव्या वीजतारा जुन्या दगडाजवळ येतात, तर कायमच्या कामाची तपासणी एकदाच, परंतु कसून होते.

टिकाऊपणा माध्यमावर ठरतो. काच शतके टिकते. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधील व्हिडिओ कलाकार बिल व्हायोला यांच्या २०१४ च्या चार पडद्यांच्या चित्रफितीसारख्या कामाला मात्र यंत्रे बदलत राहावी लागतात.

मतभेद दोन्हीकडे होतात. इंग्लंडमधील नॉर्विच कॅथीड्रलमध्ये २०१९ साली उभारलेल्या घसरगुंडीवर टीका झाली, पण ती काही दिवसांत हलली. कोलोनच्या खिडकीवर खुद्द तिथले तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल माइस्नर नाराज होते, तरी ती राहिली.

नवे अभ्यागत आणायचे असतील, किंवा उपासकांचे एकमत नसेल, तर तात्पुरती मांडणी योग्य. युद्धात वा आगीत मूळ काच गमावलेल्या खिडकीसारखी खरी पोकळी असेल आणि देखभालीची तरतूद असेल, तरच कायमचे काम करावे.