मे महिन्यातलं शिबिर की वर्षभराची तालीम?

मुलगी सहावीची वार्षिक परीक्षा देत होती, तेव्हा हा प्रश्न आमच्या घरी पहिल्यांदा आला. एकीकडे मे महिन्यातलं पंधरा दिवसांचं अभिनय शिबिर, दुसरीकडे दर शनिवार-रविवारी तालीम घेणारा नाटकाचा गट. शिबिरात तिनं दोन उन्हाळे काढले, गटात दोन वर्षं. नाटकानं मुलं धीट होतात, भाषा सुधारते, हे ठाऊक असल्याशिवाय तुम्ही इथवर आलाच नसाल, त्यामुळे त्यात शिरत नाही.

शिबिराला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. मुलगी बुजरी होती. आरशाचा खेळ, डोळे बांधून दुसऱ्याच्या आवाजामागे चालणं, ऐनवेळी दिलेल्या प्रसंगावर दोन मिनिटांत काहीतरी उभं करणं, असं सगळं अनोळखी मुलांबरोबर तिनं आनंदानं केलं. पंधरा दिवसांपुरतं असल्यामुळे आई-बाबांच्या नोकऱ्यांतही ते बसतं. मुलाला नाटकाची आवड आहे की नाही हेच अजून कळलं नसेल, तर सुरुवात इथूनच करावी, असं मला आजही वाटतं.

माझं मन फिरलं ते शेवटच्या दिवसाच्या प्रयोगानं. सगळे संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले होते. मुलांनी रंगमंचावर फक्त ओठ हलवायचे. ध्वनिमुद्रण चार दिवस आधी झालं आणि त्या दिवशी मुलीला सर्दी होती. प्रयोगाच्या संध्याकाळी तिचा गळा मोकळा होता, पण सभागृहात ऐकू आला तो चोंदलेल्या नाकाचा आवाज. पुढे तिच्या एका वाक्यावर मोठा हशा आला. ती थांबली, ध्वनिफीत थांबली नाही. पुढची दोन वाक्यं हशात बुडाली आणि ती ओठ जुळवायला धावत राहिली. मी आयोजकांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले की मुलांचे आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाहीत आणि सभागृहाचे माइक पुरत नाहीत. अडचण खरी असेल. पण आवाज पोचवायला शिकण्यासाठीच तर मुलगी तिथे गेली होती. दुसऱ्या वर्षीही तेच झालं. शाळांच्या स्नेहसंमेलनांतही हीच पद्धत आता सर्रास दिसते आणि मला ते फार लागतं. समोरचा काय बोलला, कसा बोलला हे ऐकून उत्तर देणं म्हणजे नाटक. ध्वनिफितीवर काम करणाऱ्या मुलाला समोरच्याचं ऐकायची गरजच उरत नाही.

गटात पहिले सहा महिने तिला भूमिकाच मिळाली नाही. नाट्यवाचन, आवाजाचे व्यायाम आणि एका बालनाट्याची प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू, सांभाळणं एवढंच काम होतं. कुठल्या प्रवेशाला कंदील, कुठल्या प्रवेशाला पत्र, याची यादी तिनं स्वतःच्या हातानं लिहून विंगेत चिकटवली होती. एरवी घरात स्वतःची वही न सापडणारी मुलगी ही. नंतर दहा-बारा वाक्यांची भूमिका मिळाली. त्या प्रयोगातही तिच्या वाक्यावर हशा आला. ती थांबली, समोरच्या मुलाकडे बघत राहिली, हशा ओसरत आला तसं पुढचं वाक्य घेतलं आणि ते शेवटपर्यंत ऐकू आलं. दोन वर्षांत तिनं काय कमावलं याचं मोजमाप माझ्याकडे नाही. मला ते दोन-तीन सेकंद पुरले.

आणखी एक गोष्ट मुलग्यांच्या पालकांसाठी. तेरा-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो आणि बरीच मुलं वर्गात तोंड उघडायची बंद होतात. गटातल्या एका मुलाचं असंच झालं होतं. तालीम घेणाऱ्या ताईंनी त्याची भूमिका काढून घेतली नाही. तो चिरकणारा आवाज घेऊनच तो महिनोन्‌महिने सगळ्यांसमोर बोलत राहिला आणि हळूहळू त्याची लाज गेली. पंधरा दिवसांत हे कसं व्हावं?

गटाचा त्रासही कमी नाही. राज्य बालनाट्य स्पर्धा जवळ आली की रोज तालीम, त्यात चाचणी परीक्षा, रात्री आणायला जायचं ते वेगळंच. गणिताचे गुण एका सत्रात घसरले, ते मी लपवणार नाही. नाटक बसवणारी व्यक्ती तापट असेल, तर मूल कोमेजूही शकतं.

झगमगाटावर मात्र जाऊ नका. नाटककार रत्नाकर मतकरींनी २०१४ पासून ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांना घेऊन 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. तिथे मुलांनी आपल्याच जगण्यातले प्रसंग नाटिका करून मांडले. त्याला भारी नेपथ्य लागलं नाही. आणि पुढे कॉलेजात पुरुषोत्तम करंडकासारखी एकांकिका स्पर्धा खुणावणार असेल, तर विंगेतल्या कामाची सवय तिथे फार उपयोगी पडते. १९६३ पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेत बॅकस्टेजची कामंही विद्यार्थीच करतात.

तुमचं मूल नववी संपवून दहावीत जात असेल किंवा गट घरापासून तासभर लांब असेल, तर शिबिरच बरं. बाकीच्यांना मी, शक्य असेल तर, गट सुचवेन. कुठेही नाव घालण्याआधी दोन गोष्टी विचारा: शेवटचा प्रयोग ध्वनिफितीवर असतो का, आणि पालकांना एखाद्या तालमीला मागे बसू देतात का. आमच्या गटात मला पहिल्याच रविवारी बसू दिलं. अर्ध्या तासात ताईंनी एकच वाक्य एका मुलीकडून नऊ वेळा म्हणवून घेतलं. दहाव्यांदा तिनं ते न सांगताच म्हटलं. मी बाहेर येऊन फी भरली.