क्लिकर की ‘शाब्बास’?

कुत्र्याच्या पिल्लाला ‘बस’ शिकवताना क्लिकर (दाबला की ‘टिक’ वाजणारी छोटी डबी) वापरा की ‘शाब्बास’ म्हणा, खाऊ दोन्हीकडे लागतोच. फरक असतो तो ‘हे बरोबर केलंस’ सांगणाऱ्या खुणेचा. बूड जमिनीला टेकलं की त्याच क्षणी ती मिळायला हवी, आणि इथे क्लिकर सरस. तुम्ही वैतागलेले असा वा घाईत, त्याची ‘टिक’ तशीच. आधी पंधरा-वीसदा नुसती टिक आणि लगेच चण्याएवढा चिकनचा तुकडा, म्हणजे त्या आवाजाला अर्थ येतो. भित्रं पिल्लू दचकत असेल तर क्लिकर खिशातच वाजवावा.

‘शाब्बास’ फुकट, घरी विसरतही नाही. पण आमची आई ‘शाब्बाऽऽस रे राजा’ म्हणेपर्यंत पिल्लू चपलेपाशी पोचलेलं असतं! शब्दच वापरायचा तर आखूड हवा, घरात सगळ्यांचा एकच. फिरायला नेताना एका हातात पट्टा, दुसऱ्यात खाऊ. तिथे मी ‘हां!’वरच भागवते.